एक पेशी, एक डोळा आणि दिशेचं गणित

आज थोडं वेगळं. मी सॉफ्टवेअरवाला, बी.टेक., त्यामुळे जीवशास्त्राकडेही ‘ही सिस्टीम चालते कशी?’ असंच बघतो.

समजा तुम्हाला एकच डोळा आहे, तोही कडेला. त्यात चित्र दिसत नाही, उजेड कमी की जास्त एवढंच कळतं. मेंदू नाही. मग दिवा कुठल्या बाजूला आहे, हे कसं शोधाल?

गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत राहणारं क्लॅमिडोमोनस नावाचं हिरवं शैवाल हे रोज करतं. अख्खा जीव म्हणजे एकच पेशी, साधारण 10 मायक्रोमीटरची. एका मिलिमीटरात अशा 100 ओळीने बसतील! उजेड कमी पडला तर अन्न बनत नाही, फार झाला तर पेशीला इजा होते. म्हणजे दिशा कळणं हा जगण्याचा प्रश्न.

पुढे दोन कशाभिका असतात, म्हणजे वल्ह्यांसारखे दोन बारीक धागे. त्या सेकंदाला सुमारे 50 वेळा हलतात. पण पोहताना पेशी स्वतःभोवतीही फिरते, सेकंदाला साधारण दोनदा. गंमत इथेच आहे. पेशी फिरते, तसा कडेचा डोळा, म्हणजे नेत्रबिंदू, सगळीकडे फिरून येतो. दिवा एका बाजूला असेल तर उजेड कमी-जास्त, कमी-जास्त होत राहतो. पेशी थेट दिव्याच्या रोखाने निघाली की हा चढउतार थांबतो. एकच सेन्सर, पण फिरवला की दिशा सांगतो.

आता, नेत्रबिंदूचा लालसर ठिपका उजेड ओळखतच नाही! गाजराला रंग देतात त्याच जातीच्या कॅरोटीनॉइड रंगद्रव्यांचा तो पडदा आहे. उजेड ओळखणारी प्रथिनं त्याच्या वर, पेशीच्या आवरणात असतात. मागून आलेला उजेड हा पडदा अडवतो.

पडदा नसेल तर? 2016 मध्ये जपानी संशोधकांनी असा पडदा नसलेल्या पेशी तपासल्या. त्या आंधळ्या झाल्या नव्हत्या, उलट्या दिशेला पोहत होत्या! कारण पेशीचं गोल शरीर भिंगासारखं काम करतं. मागून आलेला उजेड एकवटून सेन्सरवर जास्त जोरात पडतो. सेन्सर ठीक, हिशोब ठीक, फक्त सावली गेली आणि उत्तर उलटं आलं. हे वाचून मी खरंच थांबलो.

त्या प्रथिनांचं नाव चॅनलरोडॉप्सिन. उजेड पडला की ते दारासारखं उघडतं, कॅल्शियमसारखे धनभारित आयन आत शिरतात. दोन्ही कशाभिका त्याला वेगवेगळा प्रतिसाद देतात. एक वल्हं जोरात, दुसरं हळू. झाली होडी वळायला सुरुवात.

हे दार 2002 मध्ये ओळखलं गेलं. 2005 मध्ये ते मेंदूच्या पेशींत बसवून उजेडाने त्या चालवून दाखवल्या. आणि 2021 मध्ये, रेटिनायटिस पिगमेंटोसाने दृष्टी गेलेल्या 58 वर्षांच्या एका माणसाच्या डोळ्यात अशाच एका शैवालातल्या प्रथिनाचं जनुक घातल्याचा निकाल प्रसिद्ध झाला. खास चष्मा लावून त्याला टेबलावरच्या वस्तू शोधता आल्या, मोजता आल्या. पूर्ण दृष्टी नाही, पण काळोखही नाही.

‘शेवाळाचा अभ्यास करून काय मिळणार?’ असं कुणी विचारलं, तर हे टेबल आठवा. भेटू पुढच्या भागात!