कळसूबाईच्या पायथ्याशी शब्द कोणाचा चालावा?

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



घोटीवरून बारीकडे वळणारा रस्ता आपणांपैकी बहुतेकांच्या पायाखालचा आहे. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, पलीकडे भंडारदऱ्याचा जलाशय, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, सांदण दरी, घाटघरचा कडा. एवढे सृष्टिवैभव नाशिककराला एका दिवसात पाहून परतता येते. ते पाहावयास माणसे जातात याबद्दल माझी तक्रार नाही. आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्याला डोंगराची हवा मिळू नये, निसर्ग ही बंगलेवाल्यांचीच मिरास राहावी, असे समाजवाद्याने तरी म्हणू नये. प्रश्न आहे तो आपण कोणाच्या अंगणात पाऊल टाकतो याचा.

१९८६ साली या मुलखातील सुमारे ३६२ चौरस किलोमीटर क्षेत्र कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले. हे राष्ट्रीय उद्यान नव्हे, आणि हा भेद केवळ नावाचा नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. अभयारण्यात मात्र लोकांचे काही हक्क चालू ठेवता येतात. महादेव कोळी व ठाकर यांचे पाडे, त्यांची भातखाचरे, त्यांचा हिरडा हे सारे या अभयारण्याच्या पोटातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आणखी पुढे जाऊन, अभयारण्यासह सर्व वनभूमीवर कसणाऱ्याचा दावा आणि गावाने आपले जंगल राखण्याचा सामूहिक हक्क मान्य केला. अंमलबजावणीचे काय झाले, हे या शहराला सांगावयास नको. ६ मार्च २०१८ रोजी येथूनच निघालेले हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदानावर पोचले तेव्हा वनजमिनीचे दावे हीच त्यांची एक प्रमुख मागणी होती. शनिवारी मुंबईच्या मोटारी ज्या कसारा घाटातून वर येतात, त्याच घाटातून ती माणसे पायी खाली उतरली. कित्येकांच्या तळपायांची कातडी सोलून निघाली होती.

आता काजव्यांचे पाहा. मेअखेरीपासून मोठा पाऊस लागेपर्यंत भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ ही झाडे लुकलुकू लागतात. आपण त्याला महोत्सव म्हणतो. काजव्याच्या दृष्टीने ती वंश टिकविण्याची धडपड असते. नर उडता उडता खूण करतो, मादी पानावरून उत्तर देते, आणि प्रौढ कीटकाचे आयुष्य अवघ्या काही आठवड्यांचे. त्या काळोखात मोटारीच्या दिव्याचा झोत पडला की खूणही बुडते आणि उत्तरही. जे पाहावयास आलो तेच पुसून टाकणारी ही पाहण्याची रीत आहे. तंबू भाड्याने देणारे, ध्वनिक्षेपक लावणारे पाड्यांतलेच तरुण असतात, असे कोणी म्हणेल. असतातही. पावसाळी भाताचे एक पीक आणि त्यानंतर मजुरीसाठी भटकंती, एवढेच ज्याच्या वाट्याला येते, त्याने शनिवार-रविवारचे चार पैसे सोडावेत ही अपेक्षा भरल्या पोटाची आहे.

या डोंगराकडून घ्यावयाचे आणि त्याला विचारावयाचे नाही, ही परंपरा जुनीच. १९१० ते १९२६ या काळात भंडारदऱ्याचे धरण बांधले गेले. पाणी प्रवरेच्या कालव्यांतून खाली गेले, तेथे ऊस पिकला, १९५० साली लोणीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सहकाराचा तो इतिहास आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावा. वरच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात धरण उशाला आणि कोरड घशाला.

पाण्यामागून ऊस वाढला आणि उसाच्या आडोशाला बिबट्या राहू लागला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अकोले परिसरातला आहे. दाट वस्तीच्या त्या शेतमुलखात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांचे मुख्य भक्ष्य गावातली कुत्री. म्हणजे अभयारण्याच्या फाटकाशी पैसे भरून ज्याच्या दर्शनाची आपण आशा करतो, तो खाली ऊसतोड कामगाराच्या खोपटाशेजारी वावरत असतो. त्या कामगाराला तिकीट पडत नाही; लेकरू खोपटात निजवताना त्याला काय द्यावे लागते ते निफाड-सिन्नरकडच्यांना विचारा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. काजव्यांच्या रात्री किती वाहने आत यावीत, दिवे कोठे विझवावेत, तंबू कोठे पडावेत, हे त्या त्या गावच्या ग्रामसभेने ठरवावे. वनखात्याने सल्ला द्यावा आणि ठरावाला पोलिसांचे बळ द्यावे. अडाणी माणसे जंगल काय सांभाळणार, ही शंका गडचिरोलीतील मेंढा-लेखाबद्दलही घेतली जात होती. त्या गावाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ते आपला बांबू आपल्याच परवान्यावर विकू लागले. नाक्यावर प्रवेशाचे जे पैसे जमतात त्यांचा हिशेब रतनवाडीच्या, घाटघरच्या ग्रामसभेत दरवर्षी मोठ्याने वाचला जावा. पुढच्या खेपेस आपण तेथे जाल तेव्हा पावती देणाऱ्याला एवढेच विचारा, की हे पैसे कोणाच्या खात्यात जातात.