टाइप रेटिंगची शाळा निवडताना

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेतील व्यवसाय मार्गदर्शनाचे काम माझ्याकडे असल्याने दरवर्षी या मेळाव्यात एखाद्या व्यवसायाची माहिती सांगण्याची जबाबदारी माझ्यावर येते. बोटीवरील नोकऱ्या झाल्या, आय.टी.आय. झाले, परिचारिकेचे शिक्षण झाले. यंदा मी वैमानिकाच्या शिक्षणातील शेवटच्या आणि फार महागड्या पायरीविषयी बोलणार आहे. हा विषय आपल्या कामाचा कसा, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. आपल्याच शाळेतून गेलेला एक मुलगा आज व्यावसायिक वैमानिकाचा परवाना घेऊन बसला आहे, आणि मोठेपणी काय होणार म्हणून विचारले तर नववीच्या वर्गात चार हात विमानासाठी वर होतात. यात एक हात मुलीचा असतो, हेही सांगून ठेवतो.

मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक आहे. विमानाच्या खिडकीपाशी बसण्यापलीकडे माझा विमानाशी संबंध नाही. परंतु कागद नीट वाचणे आणि योग्य प्रश्न विचारणे हे काम शिक्षकाला जमायला हवे. मी सांगणार आहे ते त्या कामापुरतेच.

प्रथम टाइप रेटिंग म्हणजे काय ते पाहू. बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेऊन उत्तीर्ण झालेला मुलगा उड्डाण शाळेत जातो, लेखी परीक्षा देतो, २०० तास उड्डाण करतो आणि त्याला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सी.पी.एल. मिळतो. हे उड्डाण तो सेसना १७२ सारख्या लहान विमानावर करतो. भरलेल्या सेसनाचे वजन ११०० किलोच्या आसपास. प्रवाशांना नेणारे एअरबस ए-३२० भरले की सत्तर टनांच्या पुढे जाते. होडी वल्हविणाऱ्याला कोणी थेट मालवाहू जहाजाच्या सुकाणूवर उभे करीत नाही, हे आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना समजावून सांगायला नको. म्हणून त्या विशिष्ट जातीच्या विमानाचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते, परीक्षा द्यावी लागते आणि परवान्यावर त्या विमानाची नोंद करून घ्यावी लागते. ही नोंद म्हणजेच टाइप रेटिंग. ए-३२० ची नोंद असलेला माणूस बोइंग ७३७ चालवू शकत नाही. त्यासाठी पुन्हा शाळा, पुन्हा फी.

याचाच अर्थ असा की शाळा निवडण्याच्या आधी विमान निवडावे लागते, आणि विमान निवडणे म्हणजे मालक निवडणे. आपल्या देशात इंडिगोकडे बहुतांश ए-३२० घराण्यातील विमाने आहेत व काही एटीआर आहेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली अकासा केवळ बोइंग ७३७ मॅक्स चालविते. एअर इंडिया एक्सप्रेसकडे बोइंग ७३७ व ए-३२० दोन्ही आहेत. आपल्या शेजारी गोव्यात २०२४ साली सुरू झालेल्या फ्लाय९१ कडे एटीआर आहेत. इंडिगोने जून २०२३ मध्ये एकदम ५०० विमानांची मागणी नोंदविली, ती सारी ए-३२० घराण्यातील होती. ही बातमी वाचून पुष्कळ घरांत लोकांनी ठरविले की ए-३२० चे शिक्षण घेतले की नोकरी हातात.

पण याच धंद्याची दुसरी बाजूही पाहावी. २०१२ साली किंगफिशर बंद पडली. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. एक कंपनी बंद पडते तेव्हा त्या विमानाची नोंद असलेले व हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक एकाच आठवड्यात नोकरी शोधायला बाहेर पडतात. त्यांच्या मागे रांगेत उभा राहतो आपला मुलगा. त्याच्याकडेही तीच नोंद असते, पण अनुभव शून्य. ज्यांनी जेटकडे पाहून पदरच्या पैशाने ७३७ चे शिक्षण घेतले असेल, त्यांच्या घरी २०१९ चा उन्हाळा कसा गेला असेल याचा विचार करा.

शिवाय ही नोंद तिजोरीत ठेवण्यासारखी वस्तू नाही. नोकरीत असलेल्या वैमानिकाची साधारण दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये तपासणी होते. जो उडत नाही, ज्याची तपासणी होत नाही, त्याची नोंद कागदावर राहते पण ती वापरता येत नाही. पुन्हा सिम्युलेटर भाड्याने घ्या, पुन्हा परीक्षकाचे पैसे भरा. नोकरी नसताना ही नोंद राखणे म्हणजे कामावर न जाणाऱ्या बैलाला वर्षभर चारा घालणे होय.

म्हणून माझे मत मी स्पष्ट सांगतो. ज्या विमान कंपनीने मुलाची परीक्षा व मुलाखत घेऊन निवड केली आहे, तिच्या सांगण्यावरून टाइप रेटिंग करावे. अनेकदा कंपनी स्वतःच केंद्र ठरवून देते, खर्च मात्र उमेदवाराचाच असतो. तरीही तो खर्च समोर दिसणाऱ्या खुर्चीसाठी होतो. निवड नसताना, केवळ जाहिरात पाहून पंधरा-वीस लाख रुपये भरणे मला पटत नाही. मग एखाद्या हिशेबी व धीट बापाने तसे करायचेच ठरविले, तर त्याने निदान पुढील गोष्टी पाहाव्यात.

आपला माजी विद्यार्थी व त्याचे वडील दोन माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे आले होते. एक देशातील केंद्राचे, दुसरे परदेशातील. परदेशातील केंद्राची फी चार लाखांनी कमी होती. वडिलांनी आंब्याची कलमे असलेली जागा विकायची तयारी केली होती, गिऱ्हाईकही येऊन गेले होते. आम्ही तिघे शाळेच्या ग्रंथालयात बसलो आणि दोन्ही पत्रके ओळीने वाचली. स्वस्त पत्रकात केवळ वर्ग व सिम्युलेटर एवढ्याचीच फी होती. परीक्षकाची फी वेगळी, राहणे-जेवणे वेगळे, व्हिसा व प्रवास वेगळा, नापास झाल्यास पुन्हा बसण्याचे पैसे वेगळे. आणि खऱ्या विमानावरील उड्डाण-अवतरणाचा सराव, ज्याला बेस ट्रेनिंग म्हणतात, त्याचा तर उल्लेखच नव्हता. नवशिक्या वैमानिकाला सिम्युलेटर झाल्यावर प्रवाशांविना खरे विमान घेऊन ठराविक वेळा चढावे-उतरावे लागते, आणि एअरबससारखे विमान काही तासांसाठी मिळविणे किती महाग पडेल हे सांगायला नको. सारी बेरीज मांडली तेव्हा स्वस्त शाळा महाग निघाली.

मी त्या मुलाकडून दोन्ही केंद्रांना एक पत्र पाठविले. त्यातील प्रश्न तुम्हीही उतरवून घ्या. आपले केंद्र या विमानासाठी भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने मान्य केले आहे काय, आणि मान्यतेची मुदत केव्हापर्यंत आहे? परदेशात असल्यास तेथील प्रशिक्षणावरून भारतीय परवान्यावर नोंद होते काय? सिम्युलेटर ‘लेव्हल डी’ दर्जाचे आहे काय? ही सर्वात वरची श्रेणी आहे. ते विमानाच्या कोणत्या आवृत्तीचे आहे? सिम्युलेटरवर एकूण किती तास मिळतील, त्यातील किती तास मुलगा स्वतः चालवील व किती तास सोबत्याला साथ देईल? सोबती कोण? बेस ट्रेनिंग फीमध्ये आहे की नाही? कर धरून एकूण रक्कम किती, आणि अभ्यासक्रम मध्येच थांबला तर परत किती? वेळा कोणत्या? ही यंत्रे इतकी महाग असतात की रात्रंदिवस चालवितात, आणि मुलाला पहाटे दोनला इंजिनला आग लागल्याचा सराव करावा लागला तर त्यात नवल नाही. एका केंद्राने चार दिवसांत कलमवार उत्तर दिले. दुसऱ्याने “आधी नोंदणी शुल्क भरा, मग सर्व समजेल” असे फोनवर सांगितले. केंद्राचे नाव मी घेत नाही. पण जो लेखी उत्तर देत नाही त्याला लेखी धनादेश देऊ नये, एवढे त्या वडिलांना उमगले. आखातात माणसे पाठविणारे एजंट आपण पाहिले आहेत. ही भाषा आपल्याला नवीन नाही.

आवृत्तीचा प्रश्न मी मुद्दाम विचारायला लावला. बोइंग ७३७ मॅक्सची दोन विमाने, ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात, कोसळली व ३४६ माणसे दगावली. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी एक यंत्रणा त्यात होती. एका बिघडलेल्या संवेदकाच्या चुकीच्या मापावरून ती पुन्हापुन्हा चालू झाली. इंडोनेशियातील अपघातापूर्वी तिची माहिती वैमानिकांच्या पुस्तकात दिलेली नव्हती. जुने ७३७ चालविणाऱ्यांना थोडा पाठ संगणकावर वाचून मॅक्स चालविण्यास परवानगी मिळे. त्यानंतर मॅक्ससाठी सिम्युलेटरचे शिक्षण आवश्यक केले गेले. तेव्हा ‘७३७ शिकवितो’ एवढे उत्तर पुरेसे नाही, कोणते ७३७ ते विचारावे. आणि पालकांनो, तुमचा मुलगा ज्या खुर्चीत बसेल तिच्या मागे दीडशेहून अधिक घरांतली माणसे बसलेली असतील. त्यामुळे “लवकर उरकून देतो” म्हणणाऱ्या शाळेपेक्षा “अजून दोन सत्रे लागतील” म्हणणारी शाळा मला बरी वाटते.

तास व गुण विकत मिळतात असे सांगणाराही भेटेल. २०११ साली आपल्या देशात खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळविल्याची प्रकरणे उघड झाली आणि वैमानिकांना अटक झाली. त्याविषयी अधिक बोलत नाही.

पैशाविषयी मात्र बोलले पाहिजे. हैदराबादच्या जुन्या शहरातील सैयदा सल्वा फातिमा हिचे नाव काहींनी वाचले असेल. वडील बेकरीत काम करणारे. दात्यांच्या मदतीने तिने हैदराबादच्या अकादमीत उड्डाण शिकून परवाना मिळविला. पण पुढच्या मल्टी-इंजिन व टाइप रेटिंगच्या खर्चापाशी ती अडली, आणि तेलंगण सरकारने मदत केल्यावर तिची वाट मोकळी झाली. तिची जिद्द तर आहेच. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. परवाना मिळविल्यानंतरही एवढी हुशार मुलगी पैशावाचून थांबली होती. आपल्याकडे मुलाला उड्डाण शाळेत घालताना सी.पी.एल. पर्यंतचाच हिशेब करतात. टाइप रेटिंगची रक्कम पहिल्याच दिवशी त्या कागदावर लिहावी. ती जमणारच नसेल तर तेही पहिल्याच दिवशी कळावे. कर्ज काढायचे झाल्यास १९९४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त निगम आणि आपल्या राज्याचे मौलाना आझाद महामंडळ यांच्याकडे आधी चौकशी करावी, बँकेकडे नंतर. व्याजाचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरी सोडवावा. जमीन विकणे हा शेवटचा उपाय, कारण सिम्युलेटरचे तास संपतात, आणि गेलेली कलमे परत येत नाहीत.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. सर्वांत आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंगांधळेपणासारखा दोष दहावीपर्यंत घरात कोणाच्या लक्षातही आलेला नसतो, आणि लाखो रुपये भरून झाल्यावर तो कळणे फार क्रूर आहे. दुसरे इंग्रजीचे. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलो म्हणून घाबरू नका, पण परीक्षा, पुस्तके आणि रेडिओवरचे बोलणे इंग्रजीत चालते, हे आठवीपासून ध्यानी असू द्या. उड्डाण शाळांची प्रतवारी डीजीसीए २०२५ पासून जाहीर करू लागले आहे. ती सी.पी.एल. शिकविणाऱ्या शाळांची आहे, टाइप रेटिंगच्या केंद्रांची नव्हे. माहितीपत्रकात ही प्रतवारी छापलेली दिसली तर ती कोणत्या संस्थेची आहे ते तपासा.

त्या माजी विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. जागा विकली नाही. त्याने टाइप रेटिंग अद्याप केलेले नाही. प्रशिक्षकाची पात्रता मिळवून तो एका उड्डाण शाळेत साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम करतो. पगार बेताचा आहे, पण त्याचे उड्डाणाचे तास वाढत आहेत. एका कंपनीची लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झाला असून पुढच्या बोलावण्याची वाट पाहत आहे. ते केव्हा येईल हे त्यालाही ठाऊक नाही, मलाही नाही. वडील अधूनमधून शाळेत येतात व गिऱ्हाईक पुन्हा विचारून गेले म्हणून सांगतात.

ते पत्र मी मराठीत व इंग्रजीत लिहून कार्यालयात ठेवले आहे. ज्यांच्या घरी असा कागद येईल त्यांनी सही करण्यापूर्वी तो घेऊन शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात यावे. मुलगा व वडील दोघांनीही यावे, आणि आई आली तर फारच बरे, कारण बेरीज बहुधा तीच पुन्हा तपासून पाहते.