आजार होऊन गेल्यावर लस कशासाठी?

(आरोग्यसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेडणे व डिचोली हे आपले सीमेवरचे तालुके. पत्रादेवीचा नाका असो वा दोडामार्गची वाट, माणसांची ये-जा येथे नित्याचीच. अशा ठिकाणी साथ आली की तिच्याशी पहिली गाठ पडते ती आरोग्य केंद्रातील परिचारिका, आरोग्यसेवक, रुग्णवाहिकेचे चालक आणि सफाई कामगार यांची. म्हणूनच १६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविडच्या लसीकरणास आरंभ झाला, तेव्हा पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना देण्यात आला. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातही त्याच दिवशी लस टोचण्यास प्रारंभ झाला.

परंतु तोवर यांपैकी कित्येकांना आजार होऊन गेला होता. "मला रोग होऊन गेला, आता लस कशासाठी?" असा प्रश्न त्यांनी विचारला. हा प्रश्न हटवादाचा नव्हे. त्याचे उत्तर रागावून नव्हे, तर समजावून दिले पाहिजे.

रोगजंतू शरीरात प्रथम शिरतो, तेव्हा त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडे, ज्यांना आपण अँटिबॉडी म्हणतो, पुरेशा प्रमाणात तयार होण्यास एक-दोन आठवडे लागतात. लढाई संपल्यावर प्रतिपिंडे हळूहळू कमी होतात; मात्र शत्रूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी मागे राहतात. पडीक मरड प्रथम नांगरताना बैल थकतात. तीच जमीन पुढच्या वर्षी लवकर वळते, तसेच हे आहे. आजार न झालेल्याला लशीची पहिली मात्रा ही पहिली नांगरट होय; आजार होऊन गेलेल्याला ती दुसरी ठरते.

हा केवळ तर्क नाही. २०२१ मध्ये चेन्नई येथे आरोग्य कर्मचारी व आघाडीवर काम करणारे इतर कर्मचारी यांच्या रक्ताची तपासणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी केली. पूर्वी आजार झालेल्यांत कोव्हॅक्सिनच्या एका मात्रेनंतर आढळलेली प्रतिपिंडे, आजार न झालेल्यांत दोन मात्रांनंतर आढळणाऱ्या प्रतिपिंडांच्या तोडीची होती. परदेशात निराळ्या लशी घेतलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांतही असेच दिसून आले. अशा व्यक्तींना पहिल्या मात्रेनंतर ताप व अंगदुखी काहीशी अधिक जाणवते, तेही याच कारणाने. ते भिण्याचे लक्षण नव्हे.

मग एकच मात्रा पुरे, असे का ठरले नाही? याला कारणे आहेत. सर्वांचा आजार सारखा नसतो. सौम्य आजारानंतर काहींच्या अंगी प्रतिपिंडे थोडीच निर्माण होतात. कित्येकांना आजार झाल्याचे कळतही नाही, आणि प्रत्येकाचे रक्त तपासून मग लस देणे गावोगावी शक्य नसते. शिवाय विषाणू रूप पालटतो. २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन आला आणि पूर्वी आजारी पडलेले अनेक जण पुन्हा बाधित झाले. म्हणून सर्वांसाठी दोन मात्रांचा नियम कायम राहिला; बरे झालेल्यांनी तीन महिने थांबून लस घ्यावी, असे केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये सांगितले.

येथे दोन इशारे देणे मला अगत्याचे वाटते. प्रयोगशाळेच्या अहवालातील प्रतिपिंडांचा मोठा आकडा हा काही गंडादोरा नव्हे. अमुक आकड्यापुढे रोग होणारच नाही, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. दुसरे असे की, आजारानंतर लस अधिक प्रभावी ठरते म्हणून आजार ओढवून घेणे हे शहाणपण नव्हे. मे २०२१ चे दिवस गोव्यातील कोणतेही घर विसरलेले नाही. लशीने मिळणारी ओळख स्वस्त आहे. रोगाने मिळणाऱ्या ओळखीची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तथापि साथी पुन्हा येतात. तेव्हा एक साधी गोष्ट आपण सर्वांनी करावी: कोणाला आजार केव्हा झाला आणि लस केव्हा टोचली, याची तारीखवार नोंद घरी व आरोग्य केंद्रात जपून ठेवावी. मात्रा किती द्याव्यात व कधी द्याव्यात, याचा निर्णय उद्या अशाच नोंदींवरून होईल. शिक्षकांनी हे मुलांना सांगावे, पंचायतीने वाड्यावाड्यांवर पोहोचवावे. जे इतरांची शुश्रूषा करतात त्यांना निरोगी राखणे, हे साऱ्या गावाचे कर्तव्य आहे.