लेकरांचे वाचन आणि मोबाइलचा खेळ



आमच्या पाचोडला, आणि पाचोडलाच कशाला, आडूळला जा, विहामांडव्याला जा, चार पालक आणि एक गुरुजी एकत्र बसले की बोलणे फिरून फिरून एका जागी येते. "पोरगं मोबाइल खाली ठेवत नाही. सारखा तो खेळ. पुस्तक हातात दिलं की जांभया सुरू." मोसंबीच्या बागेला पाणी देणारा बाप हेच सांगतो, एस्टी स्टँडवर भेटलेली माउली हेच सांगते. मग उपायही ठरलेला निघतो: मोबाइल काढून घ्या, दोन धपाटे द्या, वाचायला बसवा. सगळे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे पहिल्यासारखे चालू.

लेकराला खेळ का आवडतो, याची चर्चा आपण पुष्कळ केली. त्याला पुस्तक का आवडत नाही, हे मात्र सहसा कुणी विचारीत नाही. आज ते विचारू.

पण त्याआधी एक शंका. पुष्कळ जण मला म्हणतात, "सर, आता सगळं बोलून कळतं, व्हिडिओत दिसतं. वाचनाचं एवढं काय घेऊन बसलात?" त्यांना मी कीटकनाशकाच्या डब्याकडे बोट दाखवतो. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेले असते, औषध किती, पाणी किती, विषबाधा झाली तर काय करायचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, सगळा दोष न वाचण्यावर टाकणे अन्यायाचे होईल. तरी तो डबा उद्या ज्याच्या हाती जायचा आहे त्याला ती बारीक अक्षरे वाचता यावीत, एवढे तर आपण मागू शकतो. पीककर्जाचा कागद तसाच, पीकविम्याच्या अटी तशाच. व्हिडिओ पाहून सही करता येत नाही. सही कागदावर करावी लागते, आणि कागद वाचावा लागतो.

मी महाविद्यालयात शिकवतो. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आलेला मुलगा, आवाज खणखणीत, बोलण्यात हुशार, पण उभे राहून पाऊण पान वाच म्हटले की तिसऱ्या ओळीला अडखळतो, मान खाली घालतो. असे एक-दोन नसतात. त्यांना मी आळशी म्हणत नाही. बारा वर्षे त्यांनी पुस्तके वाहिली, वाचन त्यांच्या अंगी मुरले नाही.

हे कुठून सुरू होते, ते पाहा. 'असर' नावाची एक पाहणी दर काही वर्षांनी देशातल्या खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन होते. २०२४ च्या पाहणीत तिसरीतल्या मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातला मजकूर नीट वाचता आला. म्हणजे चारांतला जेमतेम एक. त्याच पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. आता सांगा, जे येते ते लेकरू करील की जे येत नाही ते? आपण म्हणतो, मूल पुस्तकाला कंटाळते. माझे म्हणणे असे की ते पुस्तकाला दमते. ज्याला एकेक अक्षर जुळवून शब्द लावावा लागतो, त्याला ओळ संपेपर्यंत ओळीचा आरंभ आठवत नाही. गोष्टीची गोडी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. नांगरटीलाच सगळा जीव गेला, पीक दिसलेच नाही, अशातली गत.

खेळाचे तसे नाही. खेळ बनवणारे लोक मोठे चतुर असतात. पहिली पायरी इतकी सोपी ठेवतात की कोणीही जिंकावे. दुसरी थोडी अवघड. चुकलात तर कोणी हसत नाही, गुण कापत नाही, पुन्हा खेळा म्हणतात. आणि बरोबर सोबती असतात. त्या पब्जीचेच घ्या. शंभर जण विमानातून छत्रीने एका बेटावर उतरतात, शेवटी जो उरतो तो जिंकला. पोरे कानाला यंत्र लावून आपल्या गड्यांशी बोलत बोलत खेळतात. आपल्या सरकारने २०२० च्या सप्टेंबरात त्या खेळावर बंदी घातली. पुढल्याच वर्षी त्याचा भाऊ निराळ्या नावाने दाराशी आला. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढाच वेळ इंटरनेटवरच्या खेळांना दिला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर आपल्याकडे २०२५ साली कायदा झाला. तो जुगारच होता, त्याबद्दल मला दुसरे काही बोलायचे नाही. पण बंदीने हात मोकळा होतो, त्या हातात पुस्तक आपोआप येत नाही.

खेळाला निव्वळ शिव्या देण्यातही अर्थ नाही. अमेरिकेत एक प्रयोग झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. सहा ते नऊ वर्षांचे ६४ मुलगे निवडले. घरी खेळाचे यंत्र कोणाच्याच नव्हते. काहींना ते लगेच दिले, बाकीच्यांना चार महिन्यांनी देऊ म्हणून सांगितले. चार महिन्यांनी वाचन-लेखन तपासले तर यंत्र लगेच मिळालेले मुलगे मागे पडलेले आढळले. कारण साधे निघाले. शाळा सुटल्यावरचा जो वेळ अभ्यासाला मिळत होता, तो खेळाने खाल्ला. म्हणजे भांडण वेळेचे आहे. घागर एकच, ती कशाने भरायची एवढाच प्रश्न.

आणि एकाग्रता म्हणाल, तर ती लेकरांत नाही असे कसे म्हणावे? पैठण आपल्याच तालुक्याचे गाव. नाथांची कथा सर्वांना ठाऊक आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैची चूक राहिली. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, पहाटे चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. खेळाची पायरी जिंकल्यावर आपले पोरगे ओरडते, तेव्हा मला ती टाळी आठवते. राग मानू नका, तुलना नाथांशी नाही, आनंदाशी आहे. कोडे सुटल्याचा हा आनंद पुस्तकात मिळतो, हे त्या लेकराला अजून कोणी दाखवले नाही.

आता एका गावाची हकीकत सांगतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनाच्या काळात मुलांच्या हातात अभ्यासासाठी मोबाइल गेले ते तिथेच चिकटले. २०२२ च्या ऑगस्टात गावाने ग्रामसभेत ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, साडेआठपर्यंत घरोघरचा टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलांनी वाचावे, लिहावे. मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे. या गावचे नाव देशभर झाले, इतर गावांनी कित्ता गिरवला. मला यात सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की मोबाइल बापाचाही बंद होतो. आपण आडवे होऊन मालिका पाहायची आणि पोराला म्हणायचे 'बस वाचत', हे कुठल्या पोराला पटेल?

पण भोंगा वाजल्यावर त्या दीड तासात काय करायचे? इथे शोधाशोध करायला नको. आपल्या गावात उत्तर फार जुने आहे. श्रावणात मारुतीच्या पारावर पोथी लागते. हरिविजय लागतो, पांडवप्रताप लागतो, कुठे नवनाथ. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्यांत अक्षरशत्रू असत, म्हाताऱ्या असत, मांडीवरची लेकरे असत. कोणाची परीक्षा नसे. आणि अध्याय अशा जागी थांबे की उद्या यावेच लागे. लाक्षागृहाला आग लागली, पांडव आत आहेत, पुढे काय झाले ते उद्या! खेळवाल्यांची हीच तर युक्ती. आपल्या गावाने ती शेकडो वर्षे चालवली, आणि वाचन म्हणजे एकट्याने कोपऱ्यात बसून गुणांसाठी करायचे काम, ही समजूत मागाहून आली.

म्हणून माझे सांगणे एवढेच: लेकराला वाच म्हणण्याआधी त्याला वाचून दाखवा. घरात ज्याला बरे वाचता येते त्याने मोठ्याने वाचावे. आई-बापांना वाचता येत नसेल तर मोठ्या मुलीला वाचू द्या. (तिला त्या वेळी भांड्याला बसवू नका. खेळायला मोबाइल मुलग्याला मिळतो आणि संध्याकाळचे काम मुलीला, ही आपल्याकडची वाटणी मला कधी पटलेली नाही.) रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. कापूस वेचणीच्या दिवसांत तेवढाही वेळ काढताना ओढाताण होते हे मला ठाऊक आहे. जेवणे झाल्यावर अंथरुणावर पडून वाचले तरी चालते. गोष्ट रंगात आली की थांबा. सकाळी उठून पोरगे ते पुस्तक चोरून उघडते का, ते पाहा. उघडले तर 'शाबास' सुद्धा म्हणू नका, पाहिले न पाहिलेसे करा.

पुस्तक निवडताना लेकराची इयत्ता पाहू नका, त्याला काय झेपते ते पाहा. सहावीतल्याला दुसरीचे झेपत असेल तर दुसरीचे द्या, लाज वाटू देऊ नका. खेळातही तो पहिल्या पायरीपासूनच सुरुवात करतो. ज्याला धावपळ, पाठलाग, संकट आवडते, त्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. जनावरांचे वेड असेल तर विलास मनोहरांचे 'नेगल' वाचून दाखवा, हेमलकशाच्या बिबट्याची खरी हकीकत आहे. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आहे, माधुरी पुरंदऱ्यांची चित्रांची पुस्तके आहेत. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. म्हणजे ज्या मोबाइलवर खेळ आहे त्याच मोबाइलवर 'किशोर'ही आहे. यंत्राशी आपले वैर नाही.

गुरुजींसाठी एक युक्ती सांगतो, ती खर्चाची नाही. वर्गात जो मुलगा खेळात सर्वांत पटाईत आणि वाचनात सर्वांत मागे आहे, त्याला उभे करा आणि विचारा, "काल कसा जिंकलास, सांग." तो सांगेल, आणि तोंड भरून सांगेल. तो बोलतो तसेच, त्याच्याच शब्दांत, आठ ओळी फळ्यावर लिहा. 'मी घराच्या मागं दडलो. मला पावलांचा आवाज आला.' मग त्या ओळी त्यालाच वाचायला सांगा. शब्द त्याचेच असतात, पुढे काय आहे ते त्याला ठाऊक असते, म्हणून तो सहसा अडखळत नाही. स्वतःचे बोलणे अक्षरात उतरते आणि पुन्हा बोलता येते, हे त्याला त्या दिवशी कळते. बोलीतले 'मागं', 'व्हतं' तसेच राहू द्या. शुद्धलेखनाला पुढे पुष्कळ वर्षे पडली आहेत.

ही पुस्तके आणायची कुठून, असे विचाराल. आपल्याच जिल्ह्याच्या शहरात २०२१ च्या जानेवारीत, शाळा बंद असताना, मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने वडिलांच्या मदतीने आपल्या मोहल्ल्यात मुलांसाठी वाचनालय उघडले. पहिल्या वाचनालयाला नाव दिले डॉ. अब्दुल कलामांचे. पुढे वस्त्यावस्त्यांत अशी तीसहून अधिक मोहल्ला वाचनालये झाली. मोठी इमारत नाही, मोठी समिती नाही. घराजवळ एक कपाट आणि ते उघडणारी मुले. पाचोडसारख्या गावात प्रत्येक गल्लीत असे एक कपाट राहू शकते, एखाद्याच्या ओसरीवर, एखाद्या किराणा दुकानातसुद्धा.

आणि शाळेत तर पुस्तके असतातच. पुष्कळ ठिकाणी ती कुलपात असतात. गुरुजींचीही अडचण असते: पुस्तक हरवले तर नोंदवहीला उत्तर कोण देणार, फाटले तर तपासणीला काय दाखवायचे. माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे की दर शनिवारी ते कुलूप तासभर काढावे, आणि देण्या-घेण्याची वही पाचवीच्या मुलांच्या हाती सोपवावी. मुले ती मोठ्या माणसांपेक्षा काटेकोर ठेवतात. हरवलेल्या चार पुस्तकांची नोंद 'वापरात गेली' म्हणून करावी. फाटलेले पान खळ लावून चिकटवता येते, आणि ते काम पोरे फार हौसेने करतात.