कात्री चावते तेव्हा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "तू ते जुने खिशातले चाकू जमवतोस, त्यावर कधी बोलणार?" तर आज तेच. पण सुरुवात माझ्या चुकीपासून.

मी भंडारा जिल्ह्यातला, साकोली तालुक्यातला. बीटेक केलं, पुण्यात नोकरी लागली आणि दुसऱ्या पगारापासून हा नाद लागला. त्यातही मला फक्त कात्रीवाले चाकू लागतात. म्हणजे पात्याच्या बाजूला घडी घालून बसणारी बोटभर कात्री.

या चाकूंमधलं सगळ्यात ओळखीचं नाव व्हिक्टोरिनॉक्स. कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाखला कारखाना सुरू केला. 1897 मध्ये त्यांचा ऑफिसर चाकू आला. 1909 मध्ये आईच्या आठवणीत 'व्हिक्टोरिया' हे नाव घेतलं. 1921 मध्ये स्टेनलेस स्टीलचं 'इनॉक्स' त्याला जोडलं गेलं आणि आजचं नाव तयार झालं. म्हणून जुना चाकू हातात आला की आधी पात्याच्या मुळाशी कोरलेला शिक्का बघायचा. दुसरी खूण कात्रीतच असते. जुन्या कात्रीची दोन पाती रिव्हेटने जोडलेली असतात, नंतरच्या मोठ्या मॉडेलमध्ये तिथे स्क्रू दिसतो. दोन दांड्यांच्या मधली पातळ स्प्रिंगही बघा. ती आधी तुटते, पण बदलता येते.

आता चूक. माझ्याकडे एक जुना इंग्लिश चाकू होता. त्याची कात्री कागद कापायचीच नाही, नुसती दुमडायची. मला वाटलं, धार गेली. व्हिडिओ बघून दोन्ही पाती आतल्या बाजूने पॉलिश पेपरवर घासली. चकाचक झाली, आणि कायमची बाद झाली. कात्रीची पाती आतून किंचित खोलगट असतात, म्हणून ती एका वेळी एकाच जागी एकमेकींना टेकतात आणि ती जागा टोकाकडे सरकत जाते. मी तो खोलगटपणाच घासून टाकला होता.

मग मागच्या दिवाळीत गावी एक रिव्हेटवाला व्हिक्टोरिनॉक्स घेऊन गेलो. त्याचाही तोच आजार. ओसरीत बसून पॉलिश पेपर काढला, तर आजी म्हणाली, "कायले घासून राहिला रे बाबू?"

आजीने आयुष्यभर बिड्या वळल्या. तेंदूपानं भिजवायची, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कात्रीने त्याच्या कडेनं कापायचं. हजार बिड्यांवर मजुरी, म्हणजे दिवसाला हजारभर कापं. तिने चाकू घेतला, कात्री मिटून उजेडात धरली, मग लुगड्याच्या जुन्या चिंधीवर चालवून पाहिली.

"धार नाही गेली तिची. रिबीट ढिली झाली. ढिली कात्री पान कापत नाही, चावते."

आणि तिने वजनकाट्याचं किलोचं वजन आणायला सांगितलं. माझ्या पोटात गोळा आला! जमवणाऱ्यांच्या हिशेबात ठोकलेल्या चाकूची किंमत उतरते. पण मी गप्प बसलो. वजनावर रिव्हेट टेकवून तिने बत्त्याने दोनदा हलकेच ठोकलं. थेंबभर तेल. पुन्हा चिंधी. टोकापर्यंत सरळ कापली गेली.

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. स्वित्झर्लंडच्या कारखान्याची सालं मला पाठ आहेत. पण आजीची कात्री कुठली, कितवी, ती कुठे लावून आणायची, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी विचारलं. ती तासभर बोलली. शेवटी मी म्हटलं, "ही माझ्या पेटीत ठेवू का?" तर म्हणाली, "कात्री का पेटीत ठेवाची वस्तू हाय?" आणि भाजीची जुडी सोडवायला घेऊन गेली.

तर, नवीन जमवणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. कात्री कापत नसेल तर आधी रिव्हेट तपासा, घासणं सगळ्यात शेवटी. आणि विमानाने जाताना चाकू चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या नको.

तुमच्या घरात अशी एखादी वापरून झिजलेली कात्री असेल, तर ती ज्यांच्या हातात होती त्यांना आजच विचारा, आणि काय कळलं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात.