यंत्राने अक्षर कसे मोजावे?



वसंत व्याख्यानमालेत संगणकाच्या भाषेवर बोलावयाचे म्हणजे लग्नाच्या पंगतीत काढा वाढण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. तरीही मी हा विषय घेतला, कारण तो वाटतो तितका परका नाही. त्याचा संबंध आपण पाटीवर गिरवलेल्या अक्षरांशी आहे.

डोंबिवलीतल्या एका लहान वाचनालयाचे काम काही दिवसांपूर्वी माझ्याकडे आले. काम साधे होते. प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरे छापलेले लेबल लावावयाचे. मी पायथन या संगणकभाषेत चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, लेबले छापली आणि मोठ्या ऐटीत ग्रंथपालबाईंच्या हाती दिली. त्यांनी ती पाहिली आणि हसू आवरत विचारले, "अहो, हे काय छापून आणलंत?" जोशींचा 'जोश' झाला होता. पाटलांचा 'पाट' झाला होता. देशपांड्यांचा 'देश' आणि कुलकर्ण्यांचे 'कुल' झाले होते. एकटे कदम तेवढे सहीसलामत सुटले होते!

चूक माझीच होती. ती मी मान्य केली. पण ती घडली कशी, हे पाहण्यासारखे आहे. मी यंत्राला तीन अक्षरे माग म्हटले. यंत्राने 'जोशी' या शब्दातला ज घेतला, पुढचा ओकार घेतला, श घेतला आणि तीन झाले म्हणून ते थांबले. दीर्घ वेलांटी बिचारी दाराबाहेर राहिली. आपल्या लेखी 'जोशी' ही दोन अक्षरे. यंत्राच्या लेखी ती चार. आपल्याच गावांची नावे घ्या. ठाणे हा आपला दोन अक्षरी शब्द. पायथन त्याची लांबी चार सांगते. कल्याण तीन अक्षरी. ती सहा सांगते. डोंबिवली चार अक्षरी. तिथे उत्तर येते आठ. स्थानकावरची पाटी वाचणारे पहिलीतले पोरही जे चुकणार नाही, ते यंत्र चुकते.

हा खेळ मोजणीपुरता असता तर मी आपला वेळ घेतला नसता. पायथनमध्ये एक तपासणी आहे: दिलेला मजकूर निव्वळ अक्षरांचा आहे की नाही, हे ती सांगते. नावाच्या रकान्यात कोणी आकडे भरू नयेत म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे ती सर्रास वापरतात. तिला 'कमल' दाखवा, ती होय म्हणते. 'गीता' दाखवा, ती नाही म्हणते. कारण काना आणि वेलांटी ही तिच्या लेखी अक्षरे नव्हेत, चिन्हे आहेत. म्हणजे जिच्या नावाला काना-मात्रा नाही तिचा अर्ज पुढे जाईल आणि जिच्या नावाला आहे तिचा अडेल. नाव चुकीचे आहे असे यंत्राने सांगितले की माणूस यंत्रावर रागावत नाही; तो मुकाट्याने आपले नाव रोमन लिपीत लिहितो. हळूहळू त्याची समजूत होते की मराठी ही बोलण्याची भाषा आणि कामाची भाषा दुसरीच. माझ्या मते खरे नुकसान ते हेच.

यात कोणाचा दुष्टपणा आहे काय? मुळीच नाही. जगातल्या लिप्यांना आकड्यांत बसवणारी जी युनिकोड नावाची व्यवस्था आहे, तिने देवनागरीचा आराखडा आपल्याच देशात तयार झालेल्या 'इस्की' या संकेतावलीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतला. त्यात क ला एक आकडा, कान्याला दुसरा, पाय मोडण्याच्या खुणेला तिसरा. साठवणुकीसाठी ही योजना उत्तम आहे. छापखान्यातले खिळे कसे वेगवेगळ्या खणांत ठेवतात, तसेच हे. पण खिळे किती लागले आणि अक्षरे किती झाली हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर यंत्र देते; आपल्याला हवे असते दुसऱ्याचे.

मग हे उत्तर कोणी द्यावे? येथे आपल्याला संगणकभाषेच्या मूळ संग्रहाकडे वळावे लागते. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा असतो. मोहरी, जिरे, हळद, हिंग, तिखट. रोज लागणारे तेवढे त्यात, बाकीचे माळ्यावरच्या डब्यांत. संगणकभाषेबरोबर असाच एक डबा येतो. मोजणे, शोधणे, तारखा लावणे अशी नित्याची साधने त्यात तयार मिळतात. ज्याला अधिक हवे, त्याने बाहेरून आणावे. बाहेर पुष्कळ चांगले माल मिळतात. पण नवशिका माणूस डब्यात जे आहे त्यानेच फोडणी देतो. म्हणून डब्यात काय आहे, याला एवढे महत्त्व.

त्या डब्यात नवी वाटी ठेवावी असा अर्ज कोणालाही करता येतो, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. पायथन ही भाषा गीडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली लोकांसमोर आणली. २०१८ साली एका प्रस्तावावरील वादंगाने थकून त्यांनी निर्णयाचा अधिकार सोडला, आणि २०१९ पासून पाच जणांचे निवडून आलेले मंडळ तो कारभार पाहते. मोठा बदल सुचवावयाचा तर रीतसर प्रस्ताव लिहावा लागतो. अडचण काय, उपाय काय, जुन्या प्रोग्रॅमांवर परिणाम काय, हे सारे त्यात मांडावयाचे. आणि मला सर्वांत आवडलेला भाग असा की, कोणते पर्याय विचारात घेऊन टाकून दिले व का, हेही त्यात लिहावयाचे. आपल्या सभा-संमेलनांतल्या ठरावांना हा नियम लागू केला तर निम्मे ठराव जन्मालाच येणार नाहीत!

एक यशस्वी प्रस्ताव सांगतो. शब्दाच्या सुरुवातीचा भाग काढून टाकण्यासाठी पायथनमध्ये 'एलस्ट्रिप' नावाचे साधन होते. लोकांना वाटे, 'सुसंगत' मधला 'सु' काढा म्हटले की 'संगत' उरेल. पण ते साधन 'सु' हा उपसर्ग म्हणून पाहतच नव्हते. स आणि उकार ही दोन चिन्हे जोवर भेटतील तोवर ते खरवडत जाई. म्हणजे 'सुसंगत' मधून दुसरा सही गेला आणि उरला एक पोरका अनुस्वार व 'गत'. वर्षानुवर्षे लोक यात फसत आणि भाषेत दोष आहे अशी तक्रार करीत. डेनिस स्वीनी यांनी प्रस्ताव मांडला की जुने साधन आहे तसे राहू द्या. उपसर्ग काढणारे व प्रत्यय काढणारे अशी दोन नवी साधने द्या. त्यांनी पायथनच्या स्वतःच्या प्रोग्रॅमांतलीच उदाहरणे पुढे ठेवली. २०२० च्या ऑक्टोबरात ३.९ या आवृत्तीत ती साधने आली. मागणी लहान, पुरावा भक्कम आणि जुन्याला धक्का नाही, हे तिच्या यशाचे मर्म.

परंतु बहुतेक अर्जांना नकार मिळतो, आणि तो का मिळतो हे आपल्याइतके कोणाला कळणार? आपण लोकलने प्रवास करणारी माणसे. दिव्याला जलद गाडी थांबावी ही मागणी किती वर्षे चालली होती! २०१६ च्या डिसेंबरात तो थांबा मिळाला. दिवेकरांची मागणी न्याय्यच होती. पण प्रत्येक नव्या थांब्याची एक-दोन मिनिटे पुढे डोंबिवली-कल्याणच्या प्रवाशाच्या खात्यावर पडतात, आणि एकदा दिलेला थांबा काढून घेणे जवळजवळ अशक्य असते. मूळ संग्रहातल्या साधनाचे तसेच आहे. ते एकाने मागावयाचे, पण सांभाळावयाचे सर्वांनी. पायथनने २०२४ साली ३.१३ या आवृत्तीत जुनी पडलेली एकोणीस साधने काढून टाकली. त्यासाठी आधी प्रस्ताव, मग पूर्वसूचना आणि वर्षांची वाट पाहावी लागली. म्हणून दारावर बसलेला मनुष्य खडूस दिसला तरी तो शत्रू नव्हे. त्याला आपले म्हणणे पटवून द्यावयाचे असते.

आता आपला अर्ज त्याच्यासमोर ठेवू. मराठी वाचक ज्याला अक्षर म्हणतो ते मोजणारे आणि तोडणारे साधन मूळ संग्रहात असावे. तो पहिली शंका काढील: तुम्ही अक्षर कशाला म्हणता? शंका रास्त आहे. २०२३ च्या सप्टेंबरात युनिकोडची १५.१ ही आवृत्ती निघाली, तोवर त्यांच्या नियमाने 'कल्याण' चे चार तुकडे होत: क, मग पाय मोडका ल, मग या, मग ण. त्या आवृत्तीने जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम देवनागरीसह आणखी काही भारतीय लिप्यांना लागू केला आणि 'कल्याण' तीन अक्षरांचे झाले. दारावरचा माणूस म्हणेल, नियमच जर बदलतो तर तो आमच्या डब्यात कशाला? त्याला उत्तर असे की, युनिकोडचे तक्ते पायथन नव्या आवृत्तीबरोबर अद्ययावत करतेच. त्याबरोबर हा नियमही आपोआप येईल.

दुसरी शंका अधिक कठीण. आज चार म्हणणाऱ्या मोजणीला उद्या दोन म्हणावयास लावले तर जगातले असंख्य प्रोग्रॅम कोलमडतील. हेही खरे आहे. म्हणून जुनी मोजणी बदला असे आपण म्हणू नये. तिच्या शेजारी नवी द्या असे म्हणावे. स्विफ्ट ही भाषा २०१४ साली नव्याने निघाली, म्हणून तिला पहिल्या दिवसापासून वाचकाच्या नजरेने अक्षर मोजता आले. जावास्क्रिप्ट जुनी; तिने जुनी मोजणी तशीच ठेवून अक्षरे तोडणारे वेगळे साधन २०२२ साली मान्य केले आणि २०२४ पर्यंत ते सर्व प्रमुख ब्राउझरांत पोचले. पायथनच्या ३.१३ या आवृत्तीतही अशी सोय नव्हती. ती बाहेरून आणावी लागे, आणि माझ्यासारखा घाईचा मनुष्य ती आणीत नसे.

हा धडा आपल्याला नवा नाही. लिपीसुधारणेचे वाद आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहेत. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली. तिच्यामागे तर्क होता, पण प्रत्येकाला हाताचे वळण बदलावे लागत होते; ती सर्वमान्य झाली नाही. १९५३ साली लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे द्यावी असे ठरवले. थोड्याच वर्षांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. उलट 'ॲ' हे अक्षर पाहा. मराठीला ते लागत होते, युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा नव्हती, २००८ साली ५.१ या आवृत्तीत ती मिळाली. कोणाचे काही बिघडले नाही. मात्र एक किंमत पडलीच: अ वर चंद्र देऊन केलेले जुने अक्षर आणि हे नवे अक्षर डोळ्यांना सारखे दिसते, पण यंत्राला वेगळे वाटते, एक शोधले तर दुसरे सापडत नाही. चांगली मागणीही उशिरा झाली की असा धागा लोंबत ठेवते.

म्हणून मला आपल्यापाशी एकच मागणे मागावयाचे आहे. हे काम केवळ संगणकवाल्यांचे आहे असे समजू नका. प्रस्ताव लिहिणाऱ्याला पुरावा लागतो, आणि पुरावा आपल्याजवळ आहे. शिक्षकांजवळ आहे, मुद्रितशोधकांजवळ आहे, वाचनालयाच्या टेबलामागे बसलेल्या बाईंजवळ आहे. अर्जात नाव अडले, शब्दकोशात शब्द सापडला नाही, छापताना अक्षर फुटले, तर रोमन लिपीत लिहून मोकळे होऊ नका. नेमके काय लिहिले आणि यंत्राने काय केले, ते टिपून ठेवा आणि जाणत्याच्या हाती द्या. परदेशातल्या मंडळाला वेलांटीचे दुःख ठाऊक नाही, हा त्याचा अपराध नव्हे. आपण ते सांगितले नाही, तर तो आपला.

ती लेबले मी पुन्हा छापून दिली. जोशी पुन्हा जोशी झाले, पाटलांना त्यांचा ल परत मिळाला. ग्रंथपालबाईंनी मात्र जुने एक लेबल फेकू दिले नाही. 'जोश' असे छापलेले ते लेबल त्यांनी आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. आपल्या अर्जाला जोडावयाचा पहिला पुरावा म्हणून मी ते त्यांच्याकडून मागून घेणार आहे.