हमीदा बानू : आखाड्यातली आणि घरातली

(चारकोप, कांदिवली पश्चिम येथे वस्तीतील महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजचा विषय ठरवताना आपल्या तयारीच्या बैठकीत बरीच खडाजंगी झाली. दोन-तीन गटांना मुलींसाठी कराटेचा वर्ग सुरू करायचाय, त्यांचं म्हणणं होतं त्यावरच बोला. एक ताई म्हणाल्या, आमची पोरगी मोबाइलवर ते जाळीच्या पिंजऱ्यातले सामने बघते, त्यात बायका बायकांना रक्त निघेस्तोवर मारतात, हे काय चाललंय ते एकदा नीट सांगा. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

या खेळाला मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात. बॉक्सिंगचे ठोसे, लाथा, कुस्तीची पकड, जुदोचे पेच, सगळं एकत्र. मिक्स्ड म्हणजे बायका-पुरुष एकत्र नव्हे, हे आधीच सांगते, कारण बैठकीत अर्ध्याजणींचा तोच समज झाला होता. यातली सगळ्यात मोठी अमेरिकन कंपनी म्हणजे यूएफसी. तिचे प्रमुख डेना व्हाइट यांना २०११ साली विचारलं होतं, तुमच्याकडे बायका कधी लढणार? त्यांचं उत्तर होतं, कधीच नाही. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, रोंडा राउझी आणि लिझ कारमूश यांची लढत त्याच कंपनीने भरवली आणि कार्यक्रमातली मुख्य लढत म्हणून भरवली. मन बदललं की तिकिटांचा हिशेब बदलला, ते तुम्हीच ठरवा.

भारतातून तिथे पहिली लढत जिंकली ती कुणा पुरुषाने नव्हे. पूजा तोमर, उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातली. वडील लहानपणीच गेले, आईने तिघी मुलींना वाढवलं. आधी वुशू हा चिनी खेळ खेळली, त्यात राष्ट्रीय विजेती झाली, मग इकडे वळली. ८ जून २०२४ रोजी अमेरिकेत लुईव्हिल इथे तिने ब्राझीलच्या रायान दोस सांतोसला हरवलं. तीन पंचांपैकी दोघांनी तिच्या बाजूने कौल दिला. पुढची लढत ती हरली, मार्च २०२५ मध्ये लंडनला. दुसऱ्या फेरीत प्रतिस्पर्धी मुलीने तिचा हात पेचात धरला, हाड जायची वेळ आली, तेव्हा तिने हात थापटून हार मानली आणि पंचाने त्याच क्षणी लढत सोडवली. हा हात थापटण्याचा नियम लक्षात ठेवा, मला त्यावर पुढे बोलायचंय.

पण मला मुख्य सांगायचंय ते एका वेगळ्या बाईबद्दल. आपल्या या मुंबईनेच ऐंशी वर्षांपूर्वी बाई विरुद्ध पुरुष अशी कुस्ती बघायला गर्दी केली होती. १९४४ साली एका मैदानावर सुमारे वीस हजार लोक जमले होते. जोड होती हमीदा बानू आणि गूंगा पैलवान यांची. गूंगा पैलवानाने ऐन वेळी जास्त पैसे मागितले, तयारीला जास्त वेळ मागितला, आणि कुस्ती रद्द झाली. लोक इतके चिडले की त्यांनी मैदानाची मोडतोड केली. पुरुष पैलवान आखाड्यात उतरला नाही, आणि तरी पुढे कित्येक वर्षं संशय घेतला गेला तो हमीदा बानूवर!

ही बाई मूळची मिर्झापूरची, घराणं पैलवानांचं. तिथून ती अलीगढला सलाम पैलवानाकडे शिकायला गेली. आपल्याकडच्या कित्येक तालमींत बाईला पायरी चढायलाही बंदी असायची, तिच्या सावलीने मारुतीची तालीम बाटते म्हणून. त्या काळात ही पुरुषांशी कुस्ती धरायची. फेब्रुवारी १९५४ मध्ये, वय तिशीच्या पुढे गेलेलं असताना, तिने जाहीर केलं की मला जो कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. त्याआधी पतियाळाच्या आणि कलकत्त्याच्या दोघा पैलवानांना तिने चीत केलं होतं. मे महिन्यात ती बडोद्याला गेली. तिथे ठरलेला छोटा गामा पैलवान बाईशी लढणार नाही म्हणून मागे फिरला. मग बाबा पैलवान उतरला. एक मिनिट चौतीस सेकंदात कुस्ती निकाली. त्याच वर्षी मुंबईत तिने व्हेरा चिस्तिलिन या रशियन पैलवानणीला मिनिटभराच्या आत आस्मान दाखवलं.

वर्तमानपत्रं तिच्याबद्दल भरभरून लिहायची. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. रोज किती लिटर दूध, किती मटण, किती अंडी, किती लोणी, बिर्याणीच्या किती थाळ्या, सगळं मापासकट. (आपल्यातल्या एखादीने दुसरी पोळी घेतली तरी घरात नजरा वळतात, म्हणून मला ही यादी वाचायला फार आवडते.)

आता विरोध कसा झाला ते बघा. पुण्यात रामचंद्र साळुंखे या पैलवानाशी तिची कुस्ती ठरली होती, ती तिथल्या कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. एकदा तिने पुरुष पैलवानाला हरवलं तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. तिच्या कुस्त्या नुरा आहेत, म्हणजे आधी ठरवून केलेल्या आहेत, असं उघड लिहिलं गेलं. मुंबई राज्यात अशा कुस्त्यांवर बंदी आली तेव्हा तिने सरळ मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे लेखी तक्रार केली. त्यांचं उत्तर आलं की ही बंदी ती बाई आहे म्हणून नाही, आयोजक तिच्यासमोर बनावट पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे. काही कुस्त्या ठरवून झाल्याही असतील. पुरुषांच्या दंगलीत काय कमी नुरा कुस्त्या होतात? तिथे आयोजकाला धरतात, पुरुषांच्या कुस्त्या बंद नाही करत. इथे मात्र आयोजकाच्या लबाडीची शिक्षा बाईच्या पोटावर आली. मला या सगळ्यात तिचं पत्र महत्त्वाचं वाटतं. जी बाई पोटापाण्यासाठी कुस्ती खेळते, ती राज्याच्या मुख्यमंत्र्याला विचारते की माझा धंदा का बंद केला?

१९५४ मध्येच तिने ठरवलं की आता युरोपात जाऊन लढायचं. आणि इथून पुढे वर्तमानपत्रांतून ती जवळजवळ नाहीशी होते.

पुढचं आपल्याला कळतं ते तिच्या नातवाकडून आणि शेजाऱ्यांकडून, त्यांनी अलीकडे वार्ताहरांना सांगितलं म्हणून. ती सलाम पैलवानाबरोबर राहायची. लग्न झालं होतं की नाही याबद्दल घरातच दोन मतं आहेत. अलीगढ, मुंबई आणि कल्याण असं त्यांचं जाणं-येणं होतं, कल्याणला दुधाचा धंदा होता. तिने युरोपला जाणं सलाम पैलवानाला मान्य नव्हतं. नातू सांगतो, तिला अडवण्यासाठी त्याने तिला मारलं आणि तिचे हात मोडले. शेजारी सांगतात, पायही मोडले होते, ती उभी राहू शकत नव्हती, पुढे कित्येक वर्षं लाठीशिवाय धड चालू शकली नाही. नंतर ती कल्याणलाच राहिली. दूध विकलं, आणि पैसे संपले तेव्हा घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्याच्या कडेला बसून विकले. १९८६ मध्ये ती गेली. ४ मे २०२४ रोजी गूगलने तिचं चित्र आपल्या पानावर लावलं, तेव्हा कुठे आपल्यातल्या बहुतेकींना तिचं नाव कळलं.

कल्याण इथून किती लांब? आपल्यातल्या किती जणींची माहेरं तिकडे आहेत!

मैत्रिणींनो, मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं, आता काही वर्षं वस्त्यांत काम करते. कुठेही बलात्काराची, मारहाणीची बातमी आली की आठवड्याच्या आत एक पत्रक येतं : मुलींसाठी स्वसंरक्षण शिबिर. तीन दिवस, टी-शर्ट, प्रमाणपत्र, पाहुण्यांच्या हस्ते. मी अशा शिबिरांच्या विरोधात नाही, मुलींना घेऊन मी स्वतः गेले आहे. पण त्यामागे एक विचार असतो, की बाईला मारता येत नाही म्हणून ती मार खाते. तिला डाव शिकवले की प्रश्न मिटला. म्हणजे मार खाणारीचीच शिकवणी कमी पडली! ज्या बाईने बाबा पैलवानाला दीड मिनिटात पाठीवर पाडलं, तिचे हात घरात मोडले गेले. तिला कोणता डाव शिकवायचा राहिला होता?

आखाड्यात आणि घरात फरक काय, ते बघा. पूजा तोमर ज्या जाळीत उतरते तिथे समोरची मुलगी तिच्याच वजनाची असते, बावन्न किलोच्या गटातली. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात. पंच असतो, डॉक्टर असतो. दोघींनी सही करून होकार दिलेला असतो. आणि हात थापटला की थांबावंच लागतं. न थांबणारीला शिक्षा होते. ताई विचारत होत्या ना, रक्त निघतं ते काय? रक्त निघतं, खरंच निघतं, मलाही बघवत नाही. पण आपल्याकडे सल्ला घ्यायला येणाऱ्या बायकांपैकी एकीला तरी हात थापटून नवऱ्याला थांबवता आलंय का? त्या घराबाहेर आल्या त्या शेजारणीमुळे, बहिणीमुळे, पदरात चार पैसे होते म्हणून, किंवा एखाद्या हवालदारिणीने तक्रार लिहून घेतली म्हणून.

हमीदा बानूच्या पाठीशी यातलं काय होतं? तिला शिकवणारा, तिच्याबरोबर राहणारा आणि तिला मारणारा हा एकच माणूस होता. नवऱ्याच्या छळाविरुद्ध कलम ४९८अ आलं १९८३ साली, ती जाण्याआधी तीन वर्षं. घरगुती हिंसाचाराचा कायदा झाला २००५ साली. या कायद्याखाली लग्नाचा दाखला नसला, पण लग्नासारखं नातं असलं, तरी बाई संरक्षण मागू शकते, राहत्या घरात राहण्याचा हक्क मागू शकते. तिच्याबाबतीत लग्न झालं होतं का यावर लोक आजही वाद घालतात. या कायद्यात तो वाद घालत बसावंच लागलं नसतं.

मग कराटेचा वर्ग काढायचा की नाही? काढा, जरूर काढा. पण नवऱ्याला मारता यावं म्हणून नको. मुलीला मैदान मिळावं, घाम गाळता यावा, पोटभर खाता यावं, एखाद्या दुपारी घरकामातून सुटका मिळावी आणि जमलं तर त्यात पुढेही जाता यावं, म्हणून काढा. महाराष्ट्रात पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून होते. बायकांची पहिली झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीला. बासष्ट वर्षांनी! अंतिम कुस्तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने वैष्णवी पाटीलला हरवलं. वैष्णवी कल्याणची. ज्या गावात हमीदा बानू लाठी टेकत चालली, त्या गावातली मुलगी राज्याच्या अंतिम कुस्तीपर्यंत गेली, याचा मला फार आनंद झाला.

त्याच वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर काय चाललं होतं तेही तुम्ही टीव्हीवर बघितलंत. साक्षी मलिक, विनेश फोगाट यांनी कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचा आरोप केला. आधी जानेवारीत, मग एप्रिलपासून त्या रस्त्यावर बसल्या. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरफटत नेलं. ऑलिंपिकचं पदक गळ्यात घातलेल्या बाईलाही तक्रार नोंदवून घ्यावी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. तेव्हा तालीम शोधताना, क्लास शोधताना, शिकवणारा कोण आहे, मुलींची तक्रार ऐकणारी समिती आहे का, त्यात बाहेरची बाई आहे का, हे फीच्या आधी विचारा. नुसता "सर चांगले आहेत" एवढ्यावर भागवू नका.

आता एक काम तुमच्याकडे देते. चारकोपचे हे प्लॉट म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीच्या योजनेत वाटले, आपल्यातल्या जुन्या बायकांनी डोक्यावर विटा वाहून ही घरं उभी केली. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातलं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बघून या, त्यावर कुणाचं नाव आहे ते. भाड्याने राहत असाल तर करारावर कुणाची सही आहे ते. बँकेचं पासबुक कुणाकडे असतं, रेशनकार्ड, आधार, मुलांचे दाखले कुठल्या कपाटात आहेत आणि त्याची चावी कुणाकडे आहे. नवऱ्याला विचारू नका, स्वतः काढून बघा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मुलीला बरोबर घ्या. कराटेच्या वर्गाची नावंही त्याच दिवशी लिहून घेऊ.